न्यूझीलंडची ‘टिस्ट’ मॅच, ग्लासगोचं ‘फुड’ आणि आपला एकुलता एक ‘ए’

कातरवेळ

न्यूझीलंडमधून क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. तिथला समालोचक ‘टेस्ट’ म्हणतो ते आपल्या कानाला ‘टिस्ट’ लागतं, ‘बॅट’चं ‘बेट’ होतं आणि ‘सिक्स’चं तर चक्क ‘सक्स’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस मनाला येतील ते स्वर फेकतोय. तसं नाही, यात चोख हिशेब आहे. तो सांगण्यासाठीच हा धागा.

इंग्रजी उच्चारांवर आपल्याकडे बोलणं निघालं की ते बहुधा व्यंजनांवर अडतं. ‘व’ला ओठ दातांना लावायचे का, ‘र’ कुठे गाळायचा, ‘ट’ म्हणताना जीभ मुडपायची का, वगैरे. पण लंडन, ग्लासगो, शिकागो आणि ख्राइस्टचर्चची माणसं एकमेकांपेक्षा वेगळी वाटतात ती मुख्यतः स्वरांमुळे. त्यातही इथे शुद्ध स्वरांपुरतंच बोलू. शुद्ध म्हणजे जीभ आणि ओठ सुरुवातीला जिथे असतात तिथेच शेवटपर्यंत टिकतात ते: ‘बॅट’, ‘कप’, ‘शिप’, ‘बुक’ यांतले. ‘बॉय’ किंवा ‘हाउस’मध्ये स्वर एका जागी निघतो आणि दुसऱ्या जागी पोहोचतो. ते संयुक्त.

आरशासमोर ई, ए, ॲ, आ असं सलग म्हणून पाहा. जबडा उघडत जातो, जीभ खाली येते. आता आ, ऑ, ओ, ऊ म्हणा. जीभ मागच्या बाजूने वर चढते आणि ओठ गोल होत जातात. या दोन वाटांच्या मधोमध आपला ‘अ’. या पोकळीत कुठेही कुंपण नाही. किती स्वर ठेवायचे आणि कुठे ठेवायचे, हे प्रत्येक बोली आपलं आपण ठरवते. लंडनच्या डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच पोकळीच्या कडेकडेने आठ मानक स्वर नेमून दिले. ते कुठल्याच भाषेचे म्हणून नव्हते. कुठल्याही भाषेतला स्वर या खुणांपासून किती लांब आहे, हे सांगता यावं एवढ्यासाठी ते होते.

आता न्यूझीलंड. तिथे ‘ॲ’ वर सरकला आणि ‘ए’च्या जागेशी आला. ‘ए’ वर सरकून ऱ्हस्व ‘इ’च्या जागेशी आला. एसटीच्या तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकला की कडेच्याला उठावंच लागतं, तसं मग ‘इ’चं झालं. वर ‘ई’ आधीच बसलेली, म्हणून तो आत, मध्याकडे, म्हणजे ‘अ’कडे वळला. त्यामुळे ‘फिश’चं ‘फश’. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात तोच ‘इ’ उलट दिशेने, ‘ई’कडे कलला. एकाच पदार्थाला सिडनीत ‘फीश अँड चीप्स’ आणि वेलिंग्टनमध्ये ‘फश अँड चप्स’ ऐकू येतं, आणि दोन्ही देश यावरून एकमेकांना मनसोक्त चिडवतात.

हे सरकणं अंदाजाने सांगितलेलं नाही. १९४६ ते १९४८ या काळात न्यूझीलंडच्या रेडिओचं फिरतं पथक गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी तबकड्यांवर मुद्रित करत फिरलं. त्यातली काही माणसं १८५०च्या दशकात जन्मलेली होती. पुढे कँटरबरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ती मुद्रणं बारकाईने ऐकली, मोजली. त्या पिढीच्या बोलण्यात ‘ॲ’ आणि ‘ए’ वर चढायला लागलेले दिसतात, ‘इ’ मात्र पुढच्या पिढ्यांत आत वळतो. म्हणजे ढकलाढकली कोणत्या टोकाकडून सुरू झाली, तेही कळलं.

तुम्ही राहता तिथे काय ऐकू येतं, लिहा.

रावसाहेब_ठाणे

लेख माहितीपूर्ण आहे, पण मूळ भूमिका पटली नाही. शब्दकोशात उच्चार छापलेला असतो. तो बरोबर, बाकीचे चूक. आम्हाला शाळेत ‘ग्लास’ आणि ‘बाथ’ दोन्हींत लांब ‘आ’ शिकवला, तोच आम्ही आयुष्यभर म्हटला. अमेरिकन माणूस ‘ग्लॅस’ म्हणतो म्हणून ते शुद्ध होत नाही. स्वर ‘सरकतात’ वगैरे ठीक आहे, पण मुलांना शिकवायचं काय?

कातरवेळ

रावसाहेब, तुमचं उदाहरणच मोठं मजेदार आहे. ‘बाथ’, ‘ग्लास’, ‘ग्रास’, ‘पाथ’ या शब्दांत आधी आखूड स्वरच होता. तो लांबवायची पद्धत दक्षिण इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत रुजली. लांब ‘आ’ सुरुवातीला काहींना गावंढळ वाटायचा, नंतर तोच उच्चभ्रू झाला. उत्तर इंग्लंड या फंदात पडलाच नाही. लीड्स-मँचेस्टरकडे आजही ‘बाथ’मध्ये ‘कॅट’चाच आखूड स्वर आहे. अमेरिकेकडे जहाजं निघाली तेव्हा ही लांबण अजून पक्की व्हायची होती. त्यामुळे यात ‘मूळ’ कोण हे पाहायचं तर तुमची बाजू पडते.

शब्दकोशाचं म्हणाल तर जोन्सचा उच्चारकोश १९१७चा. त्यात कोणाचा उच्चार दिलाय, हे त्याने प्रस्तावनेत सरळ सांगितलं आहे: दक्षिण इंग्लंडातली अशी कुटुंबं, ज्यांतले पुरुष मोठ्या निवासी शाळांमध्ये शिकलेले आहेत. म्हणजे एका छोट्या वर्गाची नोंद. तो वर्ग तरी कुठे थांबला? २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथच्या नाताळच्या भाषणांतले स्वर मोजून दाखवले. १९५०च्या दशकातली भाषणं एकीकडे आणि १९८०च्या दशकातली दुसरीकडे. राणीचे स्वर या काळात दक्षिण इंग्लंडातल्या सर्वसाधारण बोलण्याकडे सरकलेले निघाले. पूर्ण पोहोचले नाहीत, पण दिशा तीच.

मुलांना काय शिकवायचं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यावर जाणकारांनी लिहावं.

खोडसाळ_पांडू

म्हणजे खुद्द राणीलाही राणीचं इंग्रजी टिकवता आलं नाही. आमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरचा डाग धुतला गेला.

ग्लासगोचा_गण्या

कातरवेळताई, मस्त विषय. इथे ग्लासगोत स्वर वर-खाली सरकलेत, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते *कमी* आहेत. लंडनवाला ‘पुल’ (ओढणे) आणि ‘पूल’ (तलाव) वेगळे म्हणतो. इथे एकच. ‘फुल’ (भरलेलं) आणि ‘फूल’ (मूर्ख) एकच. ‘गुड’ आणि ‘फूड’ यांचं यमक जुळतं. आणि हा जो एक ‘उ’ आहे तो आपल्यासारखा मागे गोल ओठ करून म्हटलेला नाही, जीभ बरीच पुढे असते. मराठी कानाला तो ‘उ’ आणि ‘इ’ यांच्या मधला काहीतरी वाटतो. ‘कॉट’ आणि ‘कॉऽट’ (पकडलं) यांतही फरक नाही. ‘सॅम’ हे नाव आणि ‘साम’ (स्तोत्र) हेही इथे सारखेच.

पण गरीब समजू नका आम्हाला. दोन ठिकाणी लंडनपेक्षा श्रीमंत आहोत. एक, ‘फर्न’, ‘फर’चं झाड आणि ‘फर’चा कोट या तिघांत लंडनवाला एकच लांब ‘अऽ’ म्हणतो. जुन्या स्कॉटिश बोलण्यात तिन्ही वेगळे: ‘फेर्न’, ‘फिर’, ‘फर’, आणि ‘र’ खणखणीत. दोन, इथली लांबी. इंग्रजीत स्वर लांब की आखूड हे शब्दागणिक ठरलेलं असतं असं आपण शिकतो. स्कॉटलंडमध्ये ते शेजाऱ्यावर ठरतं. ‘ग्रीड’ (हाव) मधला ‘ई’ आखूड आणि ‘अग्रीड’ (मान्य केलं) मधला लांब! कारण ‘अग्रीड’मध्ये ‘अग्री’ हा शब्द संपतो आणि मग ‘ड’ जोडला जातो. शब्दाच्या शेवटी, किंवा ‘र’, ‘व्ह’, ‘झ’ यांच्या आधी स्वर लांबतो, एरवी आखूड. एटकिन नावाच्या अभ्यासकाच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

आल्या आल्या मला इथलं काही कळत नसे, आणि माझं मात्र सगळ्यांना कळायचं. विशेषतः ‘ए’ आणि ‘ओ’. ‘गेट’, ‘बोट’, ‘होम’ मी जसे म्हणतो तसेच इथले लोक म्हणतात, सपाट. पुण्यात उच्चारवर्गात पैसे भरून ‘गेइट’, ‘बोउट’ शिकलो होतो, ते इथे पहिल्याच हिवाळ्यात गळून पडलं.

मुळशीकर

वा गण्याभाऊ! माझा नेमका हाच प्रश्न आहे. हिंजवडीत काम करतो, क्लायंट इंग्लंडातला. कॉलवर ‘टेस्ट’ म्हटलं तर चव की चाचणी, ‘वेस्ट’ म्हटलं तर पश्चिम की वाया, ‘लेट’ म्हटलं तर उशीर की ‘करू द्या’, हे समोरच्याला वाक्यावरून ओळखावं लागतं. ट्रेनर सांगतात, तुमचा ‘ए’ सपाट आहे, ‘एइ’ म्हणा. प्रयत्न करतो, पण घाईत सगळंच ‘एइ’ होतं आणि ‘पेन’ मागितलं तरी ‘पेइन’. आणखी घोळ.

स्वरभंग

मुळशीकर, ट्रेनरचा सल्ला खोटा नाही, पण चुकीच्या टोकाला धरलेला आहे.

मराठीत ‘ए’ एकच. इंग्रजीत त्याच परिसरात दोन आहेत: लेखणीच्या ‘पेन’मधला आखूड आणि जरा उघडा, वेदनेच्या ‘पेन’मधला लांब आणि मिटता. आपण दोन्ही देवनागरीत ‘पेन’ लिहितो आणि दोन्हींसाठी घरचा एकच ‘ए’ वापरतो. तीच गत ‘गेट’, ‘सेल’, ‘डेट’, ‘बेल’ यांची. इंग्रजाची फसगत होते ती तुमचा लांब ‘ए’ सपाट आहे म्हणून नव्हे. सपाट ‘ए’ यॉर्कशर, लँकशर, वेल्स, स्कॉटलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालतो. लंडनच्या सुशिक्षितांतही ‘फेस’ आणि ‘गोट’चे स्वर साधारण १८००च्या आसपासच संयुक्त व्हायला लागले, त्याआधी ते शुद्धच होते. त्याची फसगत होते कारण तुमचा *आखूड* ‘ए’ही तिथेच येऊन बसतो. तेव्हा लांबाला हात लावू नका. आखूड तेवढा खाली न्या. ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या बरोबर मध्ये जबडा ठेवून ‘टेस्ट’ (चाचणी), ‘वेस्ट’ (पश्चिम), ‘पेन’ (लेखणी) म्हणा. चवीचा ‘टेस्ट’ आईने शिकवलेल्या ‘ए’ने खुशाल म्हणा. दोन्ही आपोआप वेगळे पडतील.

‘ओ’ची तर चिंताच नको. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल शहरात ‘ओ’ शुद्ध आहेच, वर तो इतका पुढे सरकलाय की ‘फोन’ हा बाहेरच्याला ‘फर्न’सारखा ऐकू येतो, ‘ओ नो’चं ‘अऽ नऽ’. त्यापुढे आपला ‘ओ’ सोवळा आहे.

दुसरी जोडी ‘इ’-‘ई’. इथे आपल्याला वाटतं की फरक नुसता लांबीचा. ‘शिप’ आखूड, ‘शीप’ लांब. पण लंडनच्या इंग्रजीत ‘शीप’, ‘बीट’ यांसारख्या शब्दांत पुढे ‘प’, ‘ट’, ‘क’ आल्याने स्वर आधीच आखडतो, त्यामुळे लांबीवर विसंबलं तर दोन्ही जवळजवळ येतात. खरा फरक जागेचा आहे. ‘शिप’मध्ये जीभ जरा खाली आणि आत. मराठीला ही सवय नाही, कारण बोलताना आपलं ऱ्हस्व-दीर्घ बरंचसं शब्दातल्या जागेवर ठरतं. म्हणून ‘सून’, ‘वकील’, ‘गरीब’ या वळणावर दुकानदार सहज ‘वीज बील’ लिहितो. लेखनाच्या दृष्टीने ते ‘बिल’ हवं असेल, पण त्याच्या कानाने मराठीशी इमान राखलेलं असतं.

आणि ‘ॲ’. हा स्वर मराठीने इंग्रजीकडून उघडपणे घेतला. जुन्या छापील मजकुरात ‘ब्यांक’, ‘म्याच’ अशी रूपं भेटतात, खेड्यात आजही ‘ग्यास’ आणि ‘ब्याग’ ऐकू येतात. मग अर्धचंद्र आला आणि रुळला. हिंदीला तो तितका लागला नाही, कारण हिंदीचा ‘ऐ’ शुद्ध स्वर आहे, ‘ॲ’च्या शेजारचा. म्हणून एकाच इमारतीवर मराठी पाटी ‘बँक’ आणि हिंदी पाटी ‘बैंक’. आपला ‘ऐ’ मात्र संयुक्त, ‘अइ’. हिंदी माणसाचं ‘पैसा’ आणि आपलं ‘पैसा’ शेजारी ठेवून ऐका. (अवांतर: ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र चिकटवताना तो कुठे पडेल याचा नेम नसे.)

मांडवीतीर

स्वरभंग, तुमचा प्रतिसाद वाचून एक भर घालतो. कोंकणीत उघडा ‘ए’ आणि मिटता ‘ए’ वेगळे आहेत, ‘ओ’चेही दोन. त्यांनी अर्थही बदलतो. देवनागरी मात्र दोघांना एकच मात्रा देते, त्यामुळे लिहिताना ते दिसत नाहीत. बोलणाऱ्याला आपोआप कळतात, बाहेरून शिकणाऱ्याचे हाल होतात. गोव्यातल्या माणसाला इंग्रजीची लेखणी आणि वेदना वेगळ्या काढायला जड जात नाही, त्याचं एक कारण हे असावं. पणजीला या, दोन्ही ‘ए’ फुकट ऐकवू.

रावसाहेब_ठाणे

सपाट ‘ए’बद्दल एक विचार. मुंबईत सुरुवातीच्या इंग्रजी शिक्षणात स्कॉटिश मिशनऱ्यांचा मोठा वाटा. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाने उभं आहे. म्हणजे आपण हा ‘ए’ अस्सल स्कॉटिश गुरूंकडून घेतला असं का म्हणू नये? मग तो चूक कसा?

स्वरभंग

रावसाहेब, विल्सन यांचं खरं आहे, पण त्यांच्यावर एवढा भार टाकायची गरज नाही. मराठीचा ‘ए’ मुळात सपाट आहे, तेवढं कारण पुरतं. स्कॉटिश मास्तर कधीच न भेटलेल्यांचाही ‘ए’ सपाटच निघतो. शिवाय विल्सनांचे बाकीचे स्वर कुठे घेतले आपण? ‘गुड’ आणि ‘फूड’ आपण वेगळे म्हणतो.

खोडसाळ_पांडू

रावसाहेब आता बीबीसी सोडून ग्लासगोला निघाले. गण्याभाऊ, गाडी पाठवा स्टेशनवर.

पिट्सबर्गस्थ

अमेरिकेची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितेय. इथे ‘अमेरिकन उच्चार’ असा एक प्रकार नाही, हे आधी.

पश्चिम अमेरिकेत, जवळजवळ सगळ्या कॅनडात आणि आमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात ‘कॉट’ आणि ‘कॉऽट’ एक झालेत. ‘डॉन’ हे पुरुषाचं नाव आणि ‘डॉऽन’ हे बाईचं नाव यांत फरक करताच येत नाही. मराठी माणसाचं इथे बरं चालतं, आपणही दोन्ही एकच म्हणतो. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘पिन’ आणि ‘पेन’ एक. पुढे ‘न’ किंवा ‘म’ आला की ‘ए’चा ‘इ’ होतो, आणि मग लेखणी मागायची तर ‘इंक पेन’ असं फोड करून सांगावं लागतं. ‘मेरी’ हे नाव, ‘मॅरी’ म्हणजे लग्न आणि ‘मेरी’ म्हणजे आनंदी, हे तिन्ही बहुतेक अमेरिकनांच्या तोंडी सारखे. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाकडचे जुने लोक मात्र तिन्ही वेगळे ठेवतात.

मोठ्या सरोवरांच्या काठी, म्हणजे शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफलो, इथे न्यूझीलंडसारखीच ढकलाढकली झाली, पण वेगळी. ‘ॲ’ वर चढून ‘एअ’सारखा झाला, आणि त्याने मोकळी केलेली जागा ‘लॉट’च्या स्वराने घेतली. त्यामुळे तिथल्या माणसाने सुटा ‘ब्लॉक’ म्हटला तर परक्याला ‘ब्लॅक’ ऐकू येतो. विल्यम लबोव्ह यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आयुष्य घातलं. त्यांचा उत्तर अमेरिकेच्या बोलींचा नकाशासंग्रह २००६ साली निघाला.

आणि खुद्द पिट्सबर्ग! कातरवेळताईंनी ‘हाउस’ला संयुक्त म्हटलंय. इथल्या जुन्या लोकांत तो शुद्ध आहे: ‘हाऽस’. ‘डाउनटाउन’चं ‘डाऽनटाऽन’. टी-शर्टांवर छापून विकतात ते. दक्षिणेत ‘टाइम’चं ‘टाऽम’ होतं. म्हणजे शुद्ध कोण आणि संयुक्त कोण, ही यादीही गावागणिक बदलते.

कातरवेळ

हे फारच महत्त्वाचं. असंच उदाहरण लंडनचं. ‘स्क्वेअर’, ‘हेअर’ हे शब्द आपण ‘एअ’ असे लिहितो, जुन्या कोशांतही ते संयुक्त होते. आजचा दक्षिण इंग्लंडातला तरुण तिथे एक लांब, स्थिर, उघडा ‘एऽ’ म्हणतो. ‘शुअर’चा ‘शॉऽ’ झालाय. आणि उलट, ज्यांना आपण बिनदिक्कत शुद्ध समजतो ते ‘सी’ आणि ‘टू’? ध्वनिशास्त्रज्ञ जेफ लिंडसी यांचं म्हणणं आहे की आजच्या ब्रिटिश बोलण्यात ते शेवटी ‘य’ आणि ‘व’कडे घसरतात, म्हणून त्यांना संयुक्तच मानावं. मला हे पटतं, पण ‘ऊ’ किती पुढे आलाय ते ऐकणं जास्त मजेचं. लंडनच्या तरुणांचं ‘फूड’ गण्याभाऊंच्या ग्लासगोकडे सरकू लागलंय.

याच कारणासाठी ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२च्या आपल्या इंग्रजी उच्चारांवरच्या तीन खंडांत स्वरांना चिन्हांऐवजी शब्दांची नावं दिली. ‘किट’चा स्वर, ‘ड्रेस’चा स्वर, ‘बाथ’चा स्वर, असे २४ गट. मग यॉर्कशरचा ‘बाथ’ कुठे आणि सिडनीचा कुठे, हे न भांडता विचारता येतं.

मुळशीकर

सगळं वाचून एक मूलभूत शंका. प्रत्येकाची जागा वेगळी, एकाचा ‘ए’ म्हणजे दुसऱ्याचा ‘इ’, तर ही माणसं एकमेकांशी बोलतात कशी?

स्वरभंग

कारण कान एकेक स्वर सुटा मोजत नाही. १९५२ साली बेल प्रयोगशाळेतल्या पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ माणसांकडून, त्यांत पुरुष, बायका आणि मुलं, ‘हीड, हिड, हेड, हॅड…’ अशा साच्यातले दहा शब्द म्हणवून घेतले आणि आवाजातले अनुनाद मोजले, म्हणजे तोंडाच्या आकारामुळे आवाज ज्या कंपनसंख्यांवर जास्त घुमतो त्या. आलेखावर ठिपके मांडले तर एकाचा ‘हेड’ दुसऱ्याच्या ‘हिड’वर पडलेला. तरी ऐकणाऱ्यांनी बहुतेक शब्द बरोबर ओळखले.

१९५७ साली लॅडेफोगेड आणि ब्रॉडबेंट यांनी याच्या पुढची युक्ती केली. यंत्राने बनवलेला एकच शब्द, पण त्याच्या आधीचं वाक्य निरनिराळ्या ‘तोंडांतून’ आल्यासारखं बदललेलं. तोच शब्द एका वाक्यानंतर लोकांना ‘बिट’ ऐकू आला आणि दुसऱ्यानंतर ‘बेट’. म्हणजे समोरच्याची पहिली काही अक्षरं ऐकतानाच कान त्याच्या तोंडाचा आराखडा बांधून घेतो आणि पुढचे स्वर त्यावर बसवतो. तुमच्या क्लायंटलाही हे जमतं. अट एवढीच, की तुमच्या आराखड्यात दोन वेगळ्या खोल्या असाव्यात. कुठे आहेत याने फारसं बिघडत नाही, दोघांना एकाच खोलीत कोंबलं की बिघडतं.

किवीफळ

सहमत, पण ‘फारसं बिघडत नाही’ हे ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर उतरून म्हणा! इथे ‘चेक-इन’ हे नवख्याला हमखास ‘चिकन’ ऐकू येतं. दुकानात ‘पेन’ मागितलं की माझं ते त्यांना ‘पॅन’च्या बाजूचं वाटतं, कारण मी आखूड ‘ए’ खाली म्हणते (स्वरभंग यांचाच सल्ला) आणि इथल्यांचा ‘ॲ’ नेमका तिथे राहतो. म्हणजे हा सल्ला इंग्लंडसाठी ठीक, न्यूझीलंडला येणाऱ्याने जपून वापरावा. नवीन आलेल्यांनी पहिले काही आठवडे रेडिओ चालू ठेवावा, एवढंच सांगेन. कान वळतो. माझ्या मुलीचा ‘सिक्स’ आता अस्सल ‘सक्स’ आहे आणि घरी मराठीत ‘सहा’ व्यवस्थित म्हणते.

ग्लासगोचा_गण्या

विनोद आठवला म्हणून. न्यूकासलकडच्या जुन्या बोलीत ‘वर्क’चा उच्चार ‘वॉऽक’ आणि ‘वॉक’चा ‘वाऽक’. पाय मोडलेल्या खाणकामगाराला बाहेरून आलेला डॉक्टर विचारतो, आता ‘वॉक’ जमेल का? तो म्हणतो, अहो डॉक्टर, अजून धड ‘वाऽक’ जमत नाही, ‘वॉऽक’ला कुठला जातोय!

आणि लिव्हरपूलमध्ये ‘फर’ आणि ‘फेअर’ एकच. तिथल्या मित्राकडे ‘हर हेअर’ (तिचे केस) म्हणून दाखव असा आग्रह धरा. दोन्ही शब्द जुळे निघतात.

मुळशीकर

आपला ‘ए’ कुठे पडतो हे घरी मोजता येतं का?

स्वरभंग

येतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांचं ‘प्रात’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. शांत खोलीत मोबाइलवर मुद्रण करा, फाइल त्यात उघडा, स्वराच्या मधल्या स्थिर भागावर टिचकी मारा आणि पहिले दोन अनुनाद वाचा. अनुनाद शोधण्याची वरची मर्यादा पुरुषी आवाजाला ५००० हर्ट्झ, बायकांना ५५०० ठेवा, नाहीतर आकडे भरकटतात. पहिला अनुनाद कमी असेल तर जीभ वर, जास्त असेल तर खाली. दुसरा जास्त असेल तर जीभ पुढे. पीटरसन-बार्नी यांच्या अमेरिकन पुरुषांची सरासरी (पहिला आणि दुसरा अनुनाद, हर्ट्झमध्ये) अशी होती: ‘हीड’ २७० आणि २२९०, ‘हिड’ ३९० आणि १९९०, ‘हेड’ ५३० आणि १८४०, ‘हॅड’ ६६० आणि १७२०. तुमची दोन्ही ‘पेन’ मोजा. आकडे एकमेकांना चिकटले असतील तर लेखणीवाल्याचा पहिला अनुनाद ५००च्या वर नेण्याचा प्रयत्न करा. पण रावसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मुलांना हे आकडे पाठ करायला लावू नका. त्यांना फक्त जोड्या ऐकवा आणि कोणता कोणता ते ओळखायला सांगा. कानाने वेगळे काढले की जीभ मागोमाग येते.

रावसाहेब_ठाणे

जोड्यांची कल्पना चांगली आहे, नातवावर प्रयोग करतो. ‘ग्लास’ मात्र आमच्या घरी लांबच राहील.

तुम्ही सगळ्यांनी ‘अ’ला हातच लावला नाही. ‘अबाउट’, ‘टीचर’, ‘बनाना’ यांतला तो पुसट ‘अ’, त्याचं काय?

कातरवेळ

त्याला जोरच मिळत नाही शब्दात, म्हणून इथे घेतला नाही. पण इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर तोच, आणि आपण तो लिहिल्याप्रमाणे ‘टीचर’मध्ये ‘अ’, ‘बनाना’मध्ये ‘आ’ असा वाटून टाकतो. रावसाहेब, त्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा.